मुलाखत पंचशीलाची, तयारी किशनरावांची

किशनराव सोनकांबळ्यांचं ठाम मत होतं की मुलाखत ही देणाऱ्याची नसतेच, ती तयारी करून घेणाऱ्याची असते. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात एकच मुलाखत दिली होती, तीही पंचायत समितीत लिपिक म्हणून लागताना, आणि तीत साहेबांनी त्यांना "सायकल येते का" एवढंच विचारलं होतं. पण त्यानंतर त्यांनी कितीतरी मुलाखतींच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चहा सांगितला होता, दारात उभं राहून उमेदवारांची नावं पुकारली होती. त्यामुळं या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांना वाटायचं, आणि कुणी शिकवायला जातही नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं. उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा निघाला तेव्हा खुर्च्या वाटल्या गेल्या, कपाटं वाटली गेली, माणसंही वाटली गेली. किशनराव लातूरच्या वाटणीला आले. त्यांच्याबरोबर एक लोखंडी कपाटही आलं, पण त्याची किल्ली उस्मानाबादेतच राहिली. किल्लीसाठी त्यांनी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली, तेव्हा तिकडून उत्तर आलं की कपाट समक्ष दाखवल्यास किल्लीचा विचार करता येईल. असा सगळा नव्या जिल्ह्याचा जोम होता. पाऊस तेवढा कुणाच्याच वाटणीला आला नव्हता. विहिरींचे तळ दिसून राहिले होते, नळाला पाणी आलं तर आलं, आणि टँकरचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकून सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची.

पंचशीला ही किशनरावांची धाकटी लेक. बी.कॉम. झाली तसं तिनं सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं. नाव नोंदवलं जुन्या जिल्ह्यात, आणि जिल्हा फुटला तेव्हा तिचं कार्ड कुठल्या गठ्ठ्यात गेलं ते दोन्हीकडच्या बाबूंना सांगता येईना. तरी किशनराव रोज जेवताना म्हणायचे, "येईल कॉल." पंचशीला भाकरी मोडायची. शेवटी एक दिवस तिनंच पेपरातली जाहिरात कापून त्यांच्यासमोर ठेवली. कपडे धुण्याच्या पावडरची कंपनी होती, नव्या जिल्ह्यात डेपो उघडणार होती, माल विकायला प्रतिनिधी पाहिजे होते, महिलांनीही यावं म्हणाली होती, आणि अनुभवाची अट नव्हती.

"अट न्हाई म्हंजे नोकरीच न्हाई," किशनरावांनी निकाल दिला. "ज्या जागेला अट न्हाई ती जागा कसली?"

"बाबा, ही एक मुलाखत देऊ द्या," पंचशीला म्हणाली. "न्हाई झालं तर मुदखेडच्या मामाचं ऐकते. मग पुन्हा नोकरीचं नाव काढणार न्हाई."

मुदखेडचे मामा म्हणजे धुरपताबाईंचे, किशनरावांच्या बायकोचे, भाऊ. ते रेल्वेत होते आणि त्यांनी भाचीसाठी रेल्वेतलंच एक स्थळ धरून ठेवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण बायकोनं घराबाहेर नोकरी करायची नाही हे त्यानं पोरगी बघायच्या आधीच सांगून टाकलं होतं. येत्या पौर्णिमेला मामा हो का नाही ते ऐकायला यायचे होते. मुलाखत त्याच्या आदल्याच आठवड्यात होती. म्हणजे पंचशीलानं आपलं सगळं आयुष्य एका पावडरच्या पुड्यावर लावलं होतं, आणि ते तिला चांगलं माहीत होतं.

लेकीनं दारोदार माल विकत हिंडावं हे किशनरावांना मनातून बिलकुल पसंत नव्हतं. पण पोरीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते "बघू" म्हणून बसले. आता सरकारी माणसानं एकदा "बघू" म्हटलं की प्रकरण चालू होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या पंचशीलाची एका मोठ्या कंपनीत निवड होऊन राहिलीय, फक्त मुलाखत तेवढी बाकी आहे.

तयारीला सुरुवात झाली ती दाखल्यांपासून. जाहिरातीत दाखले मागितले नव्हते, पण न मागितलेले दाखले नेणं यातच उमेदवाराची हुशारी दिसते असं किशनरावांचं म्हणणं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला, तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला. चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यापाशी गाडी अडली. साहेब सही करायला तयार होते, पण नव्या कचेरीचा शिक्का अजून बनून आला नव्हता, आणि जुना शिक्का मारला तर पोरीची वर्तणूक दुसऱ्या जिल्ह्यात चांगली असल्याचं सिद्ध झालं असतं. किशनराव शिक्क्यासाठी चार दिवस हेलपाटे मारत राहिले. शेवटी साहेबांनी सही करून खाली हातानं लिहिलं, "शिक्का आल्यावर शिक्का मारण्यात येईल." किशनरावांना हा दाखला सगळ्यांत जास्त आवडला.

मग घरी सरावाची मुलाखत झाली. शेजारी मन्मथअप्पा राहायचे, किशनरावांच्याच कचेरीत हेडक्लार्क. ते आणि त्यांच्या घरच्या उमादेवी यांना समितीत घेतलं. खुर्च्या दोनच असल्यामुळं अध्यक्ष म्हणून किशनराव पलंगावर बसले. पंचशीलाला बाहेर उभं करून आत बोलावण्यात आलं. ती येऊन बसली तर तिला परत बाहेर पाठवलं, कारण बसण्याआधी परवानगी मागितली नव्हती. पुन्हा आली, परवानगी मागितली, बसली.

मन्मथअप्पांनी घसा खाकरून विचारलं, "आपल्या जिल्ह्यात लागवडीखालचं क्षेत्र किती?"

"पेरलेलं का उगवलेलं?" पंचशीलानं विचारलं.

अप्पांनी प्रश्न मागं घेतला. उमादेवी निलंग्याकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या, आणि त्यांना परक्या पोरीला प्रश्न विचारायचा एकच प्रसंग ठाऊक होता. त्यांनी पंचशीलाला उठून दारापर्यंत चालायला सांगितलं, मग पुरणाला डाळ किती शिजवावी ते विचारलं, आणि "हुडगी छान हाय बगा", म्हणजे पोरगी छान आहे, असं म्हणून पूर्ण गुण दिले. धुरपताबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, पावडर विकायची हाय न्हवं? मग पावडरीचं कोन इचारनार?" समितीनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही, कारण त्या समितीत नव्हत्या.

मुलाखतीचा दिवस उजाडला. गंजगोलाईच्या बाजारामागं एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर कंपनीनं खोली घेतली होती. किशनरावांनी किरकोळ रजा टाकली, ठेवणीतला पांढरा टेरिकॉटचा शर्ट घातला, दाखल्यांची फाईल छातीशी धरली आणि लेकीच्या पुढं जिना चढले. बाहेरच्या बाकावर आणखी काही पोरीपोरं बसली होती. कुणाचाही बाप आलेला नव्हता. किशनरावांना त्या सगळ्यांची मनापासून कीव आली.

मुलाखत घ्यायला पुण्याहून मिरजकर साहेब आले होते. गोरापान माणूस, घामानं निथळून राहिलेला. त्यांनी लॉजवाल्याला गार पाण्याचा जग मागितला तेव्हा लॉजवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, खोलीला रोज एक बादली, त्यात आंघोळ बी आली." तेव्हापासून साहेब जरा नरम होते.

खोलीला दाराऐवजी पडदा होता, त्यामुळं आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. पंचशीलाचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली, परवानगी मागून बसली. इथवर सगळं किशनरावांच्या मनासारखं झालं. मग तिनं फाईल पुढं केली.

"ती राहू द्या," मिरजकर म्हणाले. "मला सांगा, तुम्ही एका घराचं दार वाजवलंत. बाईंनी तुम्हाला पाहिलं आणि दार लावून घेतलं. तुम्ही काय कराल?"

किशनरावांनी बाहेर बाकावर डोळे मिटले. उत्तर सोपं होतं, वरिष्ठांना लेखी कळवीन. त्यांनी ते लेकीकडून पाठसुद्धा करून घेतलं होतं, निरनिराळ्या प्रश्नांसाठी.

"पुढच्या घरी जाईन," पंचशीला म्हणाली. "आन् येताना पुन्हा वाजवीन. दोनदा दार लावून घ्यायला मानसाला कसंनुसं होतं."

किशनरावांना वाटलं, संपलं. पण बाकीच्यांना विचारून झाल्यावर मिरजकरांनी सगळ्या उमेदवारांना एकत्र आत बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात पुड्यांनी भरलेली एक पिशवी दिली. खरी परीक्षा पुढंच होती. ही पिशवी घेऊन गावात जायचं, विकायचं, आणि उन्हं कलली की परत यायचं. "आपल्या पावडरचा फेस," साहेब म्हणाले, "हीच आपली ताकद. ढीगभर फेस. फेसावर बोला. आणि दोन नियम आहेत. ओळखीच्या घरी जायचं नाही, आणि घरचं कुणी सोबत न्यायचं नाही. मी स्कूटरवरून चक्कर मारणार आहे. नियम मोडला की नाव कटलं."

मग ते बाहेर येऊन किशनरावांना म्हणाले, "काका, आपण घरी गेलात तरी चालेल."

किशनराव "हाव, हाव" म्हणाले, लेकीकडून फाईल परत घेतली आणि जिना उतरले. घरी जायचा त्यांचा बिलकुल विचार नव्हता. ते जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक होते, नियम कसा वाचावा हे त्यांना कळत होतं. साहेब म्हणाले होते ओळखीच्या घरी जायचं नाही. कचेरी म्हणजे काही घर नव्हे. आणि पंचशीलानं जायचं नाही असं म्हणाले होते, तिच्या बापानं जायचं नाही असं म्हणाले नव्हते. हा अर्थ लावून झाल्यावर ते तडक कचेरीत मन्मथअप्पांच्या टेबलापाशी गेले.

"अप्पा, आपल्या कचेरीतले टॉवेल लई मळलेत," ते म्हणाले.

"लईच," अप्पा म्हणाले.

"एक पोरगी पावडर विकून राहिलीय. अर्धी पिशवी घेऊन टाका."

अप्पांनी चष्मा काढला. मैत्री आपल्या जागी आणि काम आपल्या जागी, असा तो माणूस. "घ्यायला काय हरकत न्हाई. पन तीन दुकानांचे दर मागवावे लागतील. मंग तुलनात्मक तक्ता. मंग साहेबांची मंजुरी. आन् त्यातबी एक अडचन हाय बगा. टंचाईत धुन्याचा खर्च दाखवला तर लेखापरीक्षनात इचारतील, पानी न्हवतं तर धुतलं कशात? तुमी आसं करा, एक मागनीपत्र टाकून जावा. मार्च उलटला की बगू."

किशनरावांनी खरंच मागणीपत्र लिहिलं, कारण लिहिल्याशिवाय उठणं त्यांना जमलंच नसतं, आणि रस्त्यावर आले. एव्हाना ऊन चांगलंच तापलं होतं. आता लेक कुठल्या गल्लीत आहे ते लांबून पाहावं, एवढंच पाहावं, असं त्यांनी ठरवलं. लेकीनं किंवा मिरजकर साहेबांनी ओळखू नये म्हणून त्यांनी खिशातली मोठी दस्ती काढून डोक्यावरून तोंडाला गुंडाळली. फाईल काखेत होतीच.

पंचशीला सापडली. खांद्याला पिशवी, साडीचा पदर कमरेला खोचलेला. ती एक दार वाजवायची, दोन शब्द बोलायची, आणि दार लागायचं. "प्यायला पानी न्हाई माय, धुतेस कशात," हे किशनरावांना लांबूनही ऐकू यायचं. एका घरी तिनं फेसाचं नाव काढलं मात्र, तर आतली म्हातारी तिच्यावरच उखडली. तो फेस काढायला घागर कोण आणून देणार, तुझा बाप का? किशनराव विजेच्या खांबाआड उभे होते. घरात कधी कुणी या पोरीला वर आवाज करून बोललं नव्हतं, आणि इथं भर उन्हात जी येईल ती तिला चार शब्द सुनावत होती. पंचशीला मात्र पुढच्या घरी गेली. जाऊन दार वाजवलं. किशनराव खांबाआडून निघून पुढच्या खांबाआड गेले.

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. पाणी येणार अशी आवई होती, म्हणून बाया घागरी मांडून बसल्या होत्या. रांगेत पहिली होती कस्तुराबाई. रांग कुणाची, नंबर कुणाचा, मध्ये घुसलं कोण, हे सगळं तिच्या ध्यानात असायचं आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. तिनं मघापासून पाहून ठेवलं होतं. पोरगी जाईल तिकडं हा तोंड गुंडाळलेला माणूस. पोरगी थांबली की हा थांबतो.

"ए भाऊ," कस्तुराबाई उठून आडवी आली. "पोरीच्या मागं मागं कामून फिरून राहिलास रं?"

"मी? मी कुठं?" किशनराव म्हणाले.

"तोंड झाकून? इज्जतीचा मानूस तोंड झाकून फिरंल का? सोड ती दस्ती."

बाकीच्या बायाही उठल्या. किशनरावांनी दस्ती सोडली आणि जमेल तेवढ्या भारदस्त आवाजात सांगितलं, "बाई, मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे."

"असशील. तिथं काय पोरींच्या मागं फिरायचा पगार भेटतो का?"

आता एका वाक्यात सगळं मिटण्यासारखं होतं. ती माझी लेक आहे, एवढं म्हटलं की झालं. किशनरावांनी तोंडही उघडलं. आणि तेवढ्यात त्यांना गल्लीच्या तोंडाशी मिरजकरांची स्कूटर येताना दिसली. बाप म्हणावं तर पोरीचं नाव कटतं, आणि न म्हणावं तर आपली अब्रू जाते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी अब्रूला कधी धक्का लागू दिला नव्हता. कपाटाची किल्ली नसतानाही त्यांनी कपाट ताब्यात असल्याचं अभिमानानं लिहून दिलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

ते गप्प बसले तसा बायांचा संशय पक्का झाला. कुणीतरी गचांडी धरली, कुणी मागून ढकललं. साऱ्या लातुरात त्या दिवशी ओली जागा अशी एकच होती, नळाखालची, आणि किशनराव नेमके तिथं बसले. पांढरा शर्ट चिखलानं माखला. दाखले इकडं तिकडं उडाले. अंगावर पाणी मात्र कुणी टाकलं नाही, एवढं वाया घालवण्यासारखं कुणाकडंच नव्हतं.

गलका ऐकून पंचशीला धावत आली. पाठोपाठ मिरजकर स्कूटर लावून आले. किशनरावांनी चिखलात बसल्या बसल्या लेकीला डोळ्यांनी खूण केली, जा, इथून जा, तू मला ओळखत नाहीस. खूण तिला समजली. तिनं एकदा मिरजकर साहेबांकडं पाहिलं, ते अगदी दोन हातांवर उभे होते. मग ती कस्तुराबाईला म्हणाली, "सोडा त्यांना. माझे वडील हायत."

बाया मागं सरकल्या. किशनरावांनी मान खाली घातली. आपल्या पायी पोरीची नोकरी गेली, आता पौर्णिमेला मामा येतील आणि ती शब्दाला जागेल, हे त्यांना लख्ख दिसून राहिलं. शर्टाचं आणि अब्रूचं त्या क्षणी त्यांना काहीच वाटलं नाही.

कस्तुराबाईचा चेहरा पडला होता. "आता बया," ती म्हणाली, "बाप हाय तर बोलंना का हा मानूस? लेकीच्या बापाला आमी चिखलात बसवलं की." मग आपली चूक भरून काढायला ती घरात गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ते पाहून दुसरीनं आणलं, तिसरीनं वाटीभर आणलं. दुष्काळात त्या बायांनी एका अनोळखी माणसासाठी आपापल्या रांजणातलं पाणी काढलं, आणि बघता बघता बादलीचा तळ झाकला.

"काढा शर्ट," पंचशीला म्हणाली.

जिल्हा परिषदेचे वरिष्ठ सहायक भर गल्लीत बनियनवर बसले. कस्तुराबाईनं बाज आणून टाकली आणि बशीभर चहा दिला. पंचशीलानं पिशवीतला पुडा फोडला, दोन बोटांत मावेल एवढीच पावडर घेतली आणि बादलीत हलक्या हातानं कालवली. एका बाईनं विचारलं, एवढीच? तशी ती तिथंच उकिडवी बसून सांगू लागली. कंपनीच्या साहेबांनी काय सांगितलं होतं, पाकिटावर काय छापलं होतं, सगळं तिनं बाजूला ठेवलं. आपल्या घरी कसं चालतं तेच सांगितलं.

"फेस येऊच द्यायचा न्हाई मावशी. फेस आला की तो काढायला पानी लागतं. चिमूटभर टाकायची, कपडा सावलीत भिजू द्यायचा, घासायचा न्हाई. मंग एका पान्यात निघतो. आन् हे पानी फेकायचं न्हाई, यातच पायपुसनी भिजवायची. आमी घरी अशीच धुऊन राहिलो. पुडा लई दिवस जातो."

"फेस येऊ द्यायचा नाही?" मिरजकर मागून हळूच म्हणाले. "अहो, आमच्या पाकिटावर फेसाचं चित्र आहे."

त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही. शर्ट भिजला, एका पाण्यातून निघाला आणि दोरीवर गेला. अगदी दुधासारखा पांढरा झाला असं नाही, खांद्याशी थोडा डाग राहिला. पण बायांना तोच खरा वाटला. कस्तुराबाईनं उरलेलं पाणी आपल्या पायपुसण्यासाठी मागून घेतलं आणि पहिला पुडा तिनं घेतला. मग रांगेतल्या बायांनी रांगेतल्याच क्रमानं पुडे घेतले. मघाची ती रागावलेली म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "फेस न येनारा दे गं मला एक." पिशवी रिकामी झाली. नळाला पाणी काही आलं नाही.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत बाकीच्यांच्या पिशव्या जवळजवळ भरलेल्याच परत आल्या होत्या. मिरजकरांनी पंचशीलाला आत बोलावलं, आणि तिच्या वडिलांनाही. किशनराव ओलसर शर्टात खुर्चीवर जाऊन बसले. बसण्याआधी परवानगी मागायची असते हे ते साफ विसरले.

"नियम मोडलात," साहेब पंचशीलाला म्हणाले. "आणि पावडर कमी कशी वापरावी ते गिऱ्हाइकाला शिकवलंत. असं शिकवणारा विक्रेता आमच्या कंपनीत आजवर झालेला नाही."

पंचशीला म्हणाली, "साहेब, इथं ज्यादा वापरा म्हनलं असतं तर एक पुडा विकला नसता. आन् वडिलांचं म्हनाल तर ते मागं हायत हे मला मालूम न्हवतं. पन दिसल्यावर न्हाई कशी म्हनू?"

मिरजकरांनी टेबलावरचं अर्धा ग्लास पाणी जपून प्यायलं. "तुमचं मी ठरवलंय. प्रश्न तुमचा नाही," ते म्हणाले आणि किशनरावांकडं वळले. "प्रश्न काकांचा आहे. नांदेड, मुखेड, देगलूर हा सगळा भागही याच डेपोखाली येतो, तो हिच्याकडं द्यायचा मी म्हणतोय. महिन्यातले बरेच दिवस बाहेर राहावं लागेल, नांदेडला बायकांचं वसतिगृह आहे, तिथं सोय होईल. पण मला अनुभव आहे. मुली कामाला चांगल्या लागतात आणि चार दिवसांनी वडील येऊन घेऊन जातात. तुम्हाला तर आज एक गल्ली धीर धरवला नाही. नांदेडला काय कराल?"

आयुष्यातली दुसरी मुलाखत किशनरावांची अशी अचानक झाली. तयारी काहीच नव्हती. त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती, आपल्या रिकाम्या पिशवीकडं पाहत होती. त्यांना भीती वाटत होती. अनोळखी गावं, अनोळखी दारं, भर उन्हात कुणीही काहीही बोलेल. पण सकाळपासून जे जे झालं त्यात चिखलात पडले होते ते स्वतः, आणि उचललं होतं तिनं, हेही त्यांना दिसून राहिलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "नांदेडला यायला मला रजाच मिळणार न्हाई."

मिरजकर हसले. पण किशनरावांचं संपलं नव्हतं.

"आन् मिळाली तरी येणार न्हाई," ते म्हणाले. "पाठवा तिला."

पंचशीलानं मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते. किशनराव लगेच फाईल नीट करू लागले.

पौर्णिमेला मामा आले, तेव्हा त्यांना धुरपताबाईंनीच सांगून टाकलं, की पोरगी कामाला लागली, आता जो कुणी येईल त्यानं तिची नोकरी धरून यावं. मामा जेवून गेले. कचेरीत किशनरावांनी सगळ्यांना सांगितलं की निवड झाली, आणि ती केवळ तयारीमुळं झाली. मन्मथअप्पांनी पेढा खाल्ला आणि मागणीपत्र अजून विचाराधीन असल्याचं कळवलं.

निघायच्या दिवशी सकाळी नांदेडच्या एस.टी.ला ही गर्दी. किशनराव पन्नाशीतले गृहस्थ, पण गाडी फलाटाला लागायच्या आत त्यांनी पंचशीलाची वळकटी खिडकीतून आत टाकली आणि दारातून घुसून जागा धरली. सवयीनं दोन धरल्या. तिला खिडकीशी बसवून ते शेजारी बसले आणि सूचना देऊ लागले. वसतिगृहाच्या बाईंना आधी जाऊन भेट. दाखले जवळच ठेव. कुणाच्या घरचं पाणी पिऊ नको, म्हणजे दिलं तर पी, पण थोडंच पी. पंचशीला "हाव बाबा, हाव बाबा" म्हणत होती. या भानगडीत गाडी सुटली, चौक मागं पडला, आणि कंडक्टर टिकटिक करत समोर येऊन उभा राहिला.

"दोन का?"

पंचशीलानं बापाकडं पाहिलं. नांदेडला उतरून संध्याकाळच्या गाडीनं परत येता येण्यासारखं होतं, रविवार होता, कचेरी नव्हती, कुणाला कळलंही नसतं.

"नांदेड एक," किशनराव म्हणाले. "मला पुढच्या फाट्यावर सोडा."

"फाट्याचं तिकीट पडंल."

"फाडा."

फाट्यावर गाडी थांबली. ते उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्दीतून वाट काढत दाराकडं निघाले. ते पायरीवर पोचायच्या आतच त्यांच्या जागेवर टोपलीवाली एक बाई टेकली होती, आणि मागून पंचशीलाचा आवाज आला, "मावशी, घरी कपडे कशानं धुता?"

गाडी धुरळा उडवत गेली. किशनरावांनी शर्ट झटकला आणि लातूरच्या दिशेनं चालू लागले. त्यांनी मागं वळून एकदासुद्धा पाहिलं नाही. पण त्या माळावर हे बघायला चिटपाखरूही नव्हतं, याची मात्र त्यांना घरी पोचेपर्यंत हळहळ वाटत राहिली.